फ्लॉरेन्सचा निःशस्त्र धर्मोपदेशक

धर्मक्षेत्रात अधिकार दोन वाटांनी येतो. एक वाट पदाची आणि दुसरी व्यक्तीची. कॅथलिक धर्मसंस्थेने यांपैकी पदाची वाट फार पूर्वीच प्रशस्त करून ठेवली होती. उत्तर आफ्रिकेतील डोनॅटिस्ट पंथीयांशी वाद करताना संत ऑगस्टीनने असे प्रतिपादन केले की, धर्मविधीचे पावित्र्य तो करणाऱ्या पुरोहिताच्या वैयक्तिक शीलावर अवलंबून नसते. या सिद्धान्ताने संस्थेला स्थैर्य लाभले. पदावरचा माणूस दुर्बळ निघाला तरी पद अबाधित राहिले. परंतु लोकांचे मन केवळ सिद्धान्ताने तृप्त होत नाही. आपण बोलतो त्यावर ज्याचा स्वतःचा जिवापाड विश्वास आहे, असा माणूस त्याला डोळ्यांसमोर हवा असतो. अशा माणसाच्या ठिकाणी असणाऱ्या प्रभावाला ग्रीक भाषेत ‘कॅरिस्मा’, म्हणजे अनुग्रहाने लाभलेली देणगी, असा शब्द आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने विसाव्या शतकाच्या आरंभी या शब्दाला शास्त्रीय अर्थ दिला आणि त्याचबरोबर एक अटही सांगितली. हा अधिकार वारसाहक्काने किंवा नेमणुकीने मिळत नाही. तो पुनःपुन्हा सिद्ध करून दाखवावा लागतो. ही अट किती निर्दय असू शकते, याचे विदारक उदाहरण म्हणजे फ्लॉरेन्स नगरातील डोमिनिकन संन्यासी जिरोलामो साव्होनारोला याचे चरित्र होय.

साव्होनारोलाचा जन्म २१ सप्टेंबर १४५२ रोजी फेर्रारा येथे झाला. त्याचे आजोबा त्या काळचे विख्यात वैद्य होते आणि नातवानेही वैद्यकी करावी अशी घरच्यांची अपेक्षा होती. परंतु १४७५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कोणालाही न सांगता तो घराबाहेर पडला आणि बोलोन्या येथील डोमिनिकन मठात दाखल झाला. जगातील अनीती आपल्याला सोसवत नाही, अशा आशयाचे पत्र त्याने वडिलांना पाठविले. पुढे १४८२ साली तो फ्लॉरेन्सच्या सान मार्को मठात अध्यापनासाठी आला. तेथील त्याची पहिली प्रवचने सपशेल फसली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याचा उच्चार फेर्राराचा, आवाज कर्कश आणि हातवारे बेढब होते. फ्लॉरेन्सच्या रसिकांना व्याख्यानात ग्रीक-लॅटिन ग्रंथकारांची सुभाषिते ऐकण्याची सवय होती. त्यांनी या रांगड्या परप्रांतीयाकडे पाठ फिरविली. ज्या वाणीने पुढे सारे नगर हलविले, ती वाणी उपजत गोड नव्हती.

तो फ्लॉरेन्समध्ये परतला १४९० साली. तोही तत्त्ववेत्ता पिको देला मिरांदोला याच्या शिफारशीवरून आणि नगराचा अनभिषिक्त सत्ताधीश लोरेंझो मेडिची याच्या निमंत्रणावरून. पुढच्याच वर्षी तो सान मार्कोचा मठाधिपती झाला. आता त्याने अलंकारांचा नाद सोडून दिला होता. बायबलमधील प्रेषितांच्या थाटात तो थेट बोलू लागला: धर्मसंस्था भ्रष्ट झाली आहे, तिला शासन होईल, आणि ते लवकर होईल. श्रीमंतांची चैन, सावकारीची पिळवणूक, सत्ताधाऱ्यांची मनमानी, धर्मगुरूंचा लोभ, यांची नावे घेऊन तो निर्भर्त्सना करी. जे प्रत्येकाच्या मनात होते पण कोणाच्या ओठांवर येत नव्हते, ते तो व्यासपीठावरून सांगत होता. स्वतः मात्र तो फाटक्या वस्त्रांत आणि अर्धपोटी राही. त्याच्या शब्दांना वजन आले ते या आचरणामुळे.

आणि मग इतिहासाने त्याला साथ दिली. लोरेंझो १४९२ मध्ये निवर्तला. १४९४ च्या सप्टेंबरात फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्यासह आल्प्स ओलांडून इटलीत उतरला. त्याच महिन्याच्या २१ तारखेला साव्होनारोलाने बायबलमधील महापुराच्या कथेवर प्रवचन केले. ते ऐकताना अंगावर रोमांच उभे राहिले, असे पिकोसारख्या विद्वानानेही सांगितले. भाकीत खरे ठरले, असे नगराला वाटले. नोव्हेंबरात लोरेंझोचा पुत्र पिएरो पळून गेला, आणि चार्ल्सच्या भेटीस गेलेल्या शिष्टमंडळात साव्होनारोला होता. फ्रेंच फौजा नगरात शिरल्या, पण लूटमार न करता अकरा दिवसांनी निघून गेल्या. लोकांनी याचे श्रेय त्याला दिले.

येथून पुढची तीन-साडेतीन वर्षे हा संन्यासी कोणतेही शासकीय पद न घेता नगरावर राज्य करीत होता, असे म्हटले तरी चालेल. त्याच्या प्रेरणेने १४९४ च्या डिसेंबरात महासभा स्थापन झाली. तीन हजारांहून अधिक नागरिक तिचे सभासद होण्यास पात्र ठरले. एका घराण्याच्या मुठीतून सुटलेल्या नगराच्या दृष्टीने ही मोठीच क्रांती होती. मेडिचींच्या अनुयायांवर सूड उगवू नये, असा त्याने आग्रह धरला, आणि त्यामुळे हे सत्तांतर बहुतांशी रक्तपाताविना झाले. राजकीय गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्या नागरिकाला महासभेकडे दाद मागण्याचा हक्क १४९५ मध्ये मिळाला. गरिबांना अल्प व्याजावर कर्ज देणारी सार्वजनिक पेढीही याच काळात निघाली.

परंतु या राज्याची दुसरी बाजूही होती. मुलांची पथके रस्तोरस्ती हिंडून दानधर्म गोळा करीत, आणि तीच मुले घरोघरी जाऊन जुगाराचे फासे, मुखवटे, भारी वस्त्रे, सौंदर्यप्रसाधने नि शृंगारिक पुस्तके मागून आणीत. ७ फेब्रुवारी १४९७ रोजी या साऱ्या वस्तूंचा उंच डोलारा रचून नगरचौकात त्याची होळी करण्यात आली. त्या ज्वाळांत कित्येकांनी स्वखुशीने आपल्या वस्तू टाकल्या असतील. पण दारात उभ्या असलेल्या पथकाला नकार देण्याचे धैर्य न झाल्याने कित्येकांनी त्या दिल्या असतील, हेही उघड आहे. श्रद्धा आणि धाक यांच्यातील सीमारेषा तेथे पुसट होऊ लागली होती.

त्याहून गंभीर कसोटी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आली. मेडिचींना परत आणण्याच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून पाच प्रतिष्ठित नागरिकांना देहान्त शासन सुनावण्यात आले. त्यांनी महासभेकडे दाद मागितली. साव्होनारोलाच्याच पक्षाच्या पुढाऱ्यांनी ती मागणी धुडकावून लावली आणि पाचही जणांचा शिरच्छेद झाला. ज्या कायद्यामागे त्याचे नैतिक बळ उभे होते, त्याची अशी पायमल्ली होत असता तो गप्प राहिला. पुढच्या प्रवचनांतूनही त्याने या कृत्याचा ना निषेध केला ना समर्थन, असे मॅकियाव्हेलीने नमूद करून ठेवले आहे. या मौनाने त्याच्या लौकिकाची जेवढी हानी झाली, तेवढी शत्रूंच्या निंदेने झाली नव्हती.

संकटे आता चहूकडून आली. पोप सहावा अलेक्झांडर याने त्याला रोमला बोलाविले होते. तो गेला नाही. प्रवचनबंदी केली, ती त्याने मोडली. मे १४९७ मध्ये धर्मबहिष्काराचा आदेश निघाला. अन्यायाची आज्ञा पाळण्यास आपण बांधलेले नाही, हे त्याचे उत्तर होते. म्हणजे पद आणि व्यक्ती यांतील जुना प्रश्न पुन्हा समोर उभा राहिला. अलेक्झांडरचे खासगी जीवन कोणालाही आदर्श वाटत नव्हते. परंतु ऑगस्टीनचा सिद्धान्त मानायचा तर त्याचे पद मात्र शाबूत होते. इकडे नगरात दुष्काळ आणि साथ, बंड करून निघून गेलेले पिसा अजून परत आलेले नाही, आणि पोपने सबंध नगरावर निर्बंध घालण्याची धमकी दिल्याने व्यापारी घाबरलेले. मार्च १४९८ मध्ये नगरशासनाने त्याला प्रवचने थांबविण्यास सांगितले आणि त्याने ती थांबविली.

अशा वेळी एका फ्रान्सिस्कन संन्याशाने आव्हान दिले: साव्होनारोलाचा पक्ष खरा असेल तर अग्निदिव्य करून दाखवावे. संत फ्रान्सिसच्या सौम्य तेजातून जन्मलेल्या पंथाने हे आव्हान द्यावे, हा दैवाचा मोठा विपर्यास होता. साव्होनारोलाला हा प्रकार रुचला नव्हता. परंतु त्याचा निष्ठावंत सहकारी दोमेनिको याने ते आव्हान स्वीकारले. ७ एप्रिल १४९८ रोजी नगरचौकात लाकडांची लांब चिता रचण्यात आली आणि मधून एक अरुंद वाट ठेवण्यात आली. लोक तासन्‌तास तिष्ठत राहिले. दोमेनिकोने कोणती वस्त्रे घालावीत, हाती क्रूस घ्यावा की पवित्र प्रसाद, यावरून दोन्ही पक्षांत वाद चालू राहिला. मध्येच पावसाची सर आली. संध्याकाळी दिव्य रद्द झाल्याचे जाहीर झाले. विलंबाला दोन्ही पक्ष जबाबदार होते; परंतु चमत्काराचे वचन लोकांच्या समजुतीप्रमाणे एकाच पक्षाने दिले होते. ज्याच्या शब्दावर ते इतकी वर्षे विसंबले, त्याने आज आपल्याला फसविले, असे त्यांना वाटले. योगायोग असा की, ज्याला साव्होनारोलाने ईश्वराचा दूत मानले, तो आठवा चार्ल्स त्याच दिवशी फ्रान्समध्ये मरण पावला.

दुसऱ्या दिवशी, झावळ्यांच्या रविवारी, जमावाने सान मार्को मठावर हल्ला केला. साव्होनारोलाला अटक झाली. हात पाठीमागे बांधून, दोरीने वर ओढून एकदम खाली सोडण्याच्या यातनांत त्याच्याकडून कबुलीजबाब घेण्यात आले. त्याने ते नाकारले आणि पुन्हा यातना सोसल्या. तुरुंगात त्याने एक्कावन्नाव्या स्तोत्रावर चिंतन लिहिले. पुढे १५२३ मध्ये मार्टिन ल्यूथरने स्वतःच्या प्रस्तावनेसह ते प्रसिद्ध केले. २३ मे १४९८ रोजी त्याच चौकात त्याला दोन सहकाऱ्यांसह फासावर चढवून नंतर जाळण्यात आले. अनुयायांनी अवशेषांची पूजा करू नये म्हणून राख आर्नो नदीत टाकण्यात आली.

मॅकियाव्हेलीने या कथेतून निष्कर्ष काढला तो असा की, शस्त्रधारी प्रेषित विजयी होतात आणि निःशस्त्र नाश पावतात. राजनीतीच्या दृष्टीने हा निष्कर्ष अचूक असेल. पण तो पुरेसा वाटत नाही. शस्त्रे नसतानाही साव्होनारोलाने मेडिचींच्या जागी प्रजासत्ताक उभे केले होते. त्याचे बळ घटू लागले ते शस्त्राच्या अभावी नव्हे, तर ज्या क्षणी त्याचा शब्द आणि त्याच्या पक्षाची कृती यांत अंतर पडले आणि त्याने ते अंतर डोळ्यांआड केले, त्या क्षणापासून. चमत्काराची मागणी नंतर आली. वाणीवरचा विश्वास ढळू लागला की लोक डोळ्यांना दिसणारा पुरावा मागू लागतात.

त्याने प्रेरणा दिलेली महासभा त्याच्यामागे १५१२ पर्यंत, म्हणजे आणखी चौदा वर्षे टिकली. व्यक्तीच्या तेजापेक्षा तिने घडविलेली संस्था अधिक काळ जगली. फ्लॉरेन्सच्या चौकात जेथे त्याला जाळले, तेथे आज जमिनीत बसविलेली एक गोल शिला आहे. दरवर्षी २३ मे रोजी नगरवासी तिच्यावर फुले वाहतात. ज्या नगराने त्याला डोक्यावर घेतले आणि ज्याने त्याची राख नदीत टाकली, तेच हे नगर.