कांदिवलीत न आलेला ताप

३० मे २०२१. कांदिवली पश्चिमेच्या हिरानंदानी हेरिटेज या गृहसंकुलात कोविड लसीकरणाचे शिबिर भरले. सुमारे ३९० रहिवाशांनी प्रत्येकी १,२६० रुपये मोजून दंड पुढे केला.

ताप कोणालाच आला नाही. ज्या लसीनंतर घरोघरी माणसे दिवसभर अंथरूण धरत होती, ती घेऊन सारे संकुल ठणठणीत राहिले. संशयाची पाल चुकचुकली ती येथे! टोचताना छायाचित्रे काढू दिली नव्हती, मोबाइलवर संदेशही आला नव्हता, हे मग आठवू लागले. पुढे आलेली प्रमाणपत्रे निरनिराळ्या संस्थांच्या नावांची होती. त्यांपैकी नानावटी रुग्णालयाने या शिबिराशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले.

याच मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला. रुग्णालयाची धास्ती एवढी, की त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. प्लेगची लस तयार झाल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, वेदना झाल्या. पण लस सुरक्षित असल्याची ग्वाही त्यांनी स्वतःच्या देहाने दिली.

सव्वाशे वर्षांनी शहर पालटले होते. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, पुरवठा मात्र अपुरा. सुईला भिणारे शहर आता सुईसाठी रांगेत उभे होते. खोटे नाणे पाडले जाते ते चालणाऱ्या नाण्याचेच. रहिवाशांना भोळे ठरवणे सोपे आहे, पण अन्यायाचे. सोसायटीची सूचना, ओळखीचे शेजारी, हाती पडणारे प्रमाणपत्र, या साऱ्यांवर विसंबूनच महानगरातला माणूस जगतो. भामट्यांनी लसीपेक्षा या विश्वासाचीच नक्कल अधिक काळजीपूर्वक केली.

मुंबईतील अशा ९ शिबिरांत २,०५३ जण फसल्याची माहिती त्याच जूनमध्ये राज्य शासनाने उच्च न्यायालयात दिली. कुप्यांत केवळ सलाइनचे पाणी असावे, असा संशय होता. फसलेल्यांची अडचण तेवढ्यावर थांबली नाही. ज्यांच्या नावे प्रमाणपत्र निघाले, त्यांच्यापैकी कोणी खऱ्या लसीसाठी केंद्रावर गेला, तर कागदोपत्री तो लस घेतलेलाच होता.