जुन्नर-आंबेगावच्या कच्च्या वाटांवर मित्रांसोबत गाडी काढताय? आधी हे माहीत करून घ्या

तीस सेकंदांचं रील असतं. पाच गाड्या, तांबड्या मातीचा धुरळा, मागे सह्याद्रीची धार, वर दणदणीत गाणं. खाली कॉमेंट एकच, "भावा, लोकेशन?"

उत्तर येतं "जुन्नर" किंवा "आंबेगाव, आहुपे साईड". आणि पुढच्या रविवारी पुणे-नाशिक रस्त्यावर आणखी पाच गाड्या निघतात.

रीलमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. तो रस्ता कुणाचा आहे, गाडी कुठपर्यंत जाते, कुठे थांबवावीच लागते, आणि पाचातला एक पडला तर उरलेल्या चौघांनी काय करायचं. आज हेच सविस्तर पाहू.

पहिला गैरसमज "ट्रेल" या शब्दाचाच आहे. युरोपात 2017 पासून ट्रान्स युरो ट्रेल नावाची मोटारसायकलींसाठीची वाट आहे. तिथले स्वयंसेवक आपापल्या देशातले, कायद्याने गाडीला मोकळे असलेले कच्चे रस्ते शोधतात, जोडतात आणि त्याची जीपीएस फाईल सगळ्यांना फुकट देतात. एखादा तुकडा बंद झाला की फाईल बदलते. आपल्याकडे जुन्नर-आंबेगावात असं कुणी तयार करून ठेवलेलं नाही. 2018 मध्ये राज्य सरकारने जुन्नरला विशेष पर्यटन तालुका जाहीर केलं, पण त्यातून मोटारसायकलींची वाट काही आखली गेली नाही. इथे गावाकडे जाणारे रस्ते, धरणाकाठचे रस्ते, वाडीवस्तीच्या गाडीवाटा आपणच एकमेकांना जोडतो आणि त्याला ट्रेल म्हणतो. म्हणजे आपण ज्यावर "ऑफरोड" करतो, तो कुणाचा तरी रोजचा रोडच असतो.

नकाशा आधी, गाडी नंतर

या भागाची रचना एकदा डोक्यात बसली की अर्धी चुकामूक टळते. पश्चिमेला घाटमाथ्याची उभी धार. तिच्यापासून पूर्वेकडे डोंगरांच्या सोंडा निघतात, आणि सोंडांच्या मध्ये नद्यांची खोरी. फणी डोळ्यांसमोर आणा, घाटमाथा म्हणजे तिची पाठ आणि सोंडा म्हणजे दात.

दक्षिणेकडून निघालं तर पहिलं खोरं घोड नदीचं, त्यावर डिंभे धरण. मग मीना नदीचं, त्यावर वडज धरण. त्याच्या वर कुकडीचं, त्यावर माणिकडोह. तिन्ही नद्यांचं पाणी शेवटी भीमेलाच मिळतं. जुन्नर-शिवनेरीखालच्या ज्या बारा मावळांची नावं इतिहासात येतात त्यात घोडनेर, मिन्नेर, भीमनेर आहेत. ही "नेरं" म्हणजे नद्यांची खोरीच.

ट्रेकर लोक नाणेघाट ते भीमाशंकर अशी घाटमाथ्याच्या कडेकडेने रेंज ट्रेक करतात. ढाकोबा, दुर्ग, आहुपे अशी ती वाट. नकाशात ही ठिकाणं इतकी जवळ दिसतात, की गाडीवाल्याला वाटतं आपणही असंच सरळ जाऊ. तिथेच फसगत होते. ती पायवाट आहे. गाडीला एका खोऱ्यातून वर माथ्यापर्यंत जावं लागतं, परत खाली यावं लागतं आणि मग शेजारच्या खोऱ्यात शिरावं लागतं. म्हणून नकाशावर बोटभर दिसणारं अंतर गाडीवर अर्धा दिवस खातं.

सोयीचा क्रम असा. पुण्याहून चाकण, राजगुरुनगर करत मंचर, साधारण 60 किलोमीटर. (तुमच्याकडे केटीएम असेल, तर ती बहुतेक याच चाकणमध्ये तयार झालेली आहे. बिचारी घरावरून जाते.) मंचरहून घोडेगाव, मग डिंभे. या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. 1930 मध्ये मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे झालेले बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं ते मूळ आंबेगाव या पाण्याखाली गेलं आहे.

जलाशयाला धरून अडिवरे, तिरपाड करत रस्ता आहुप्याला चढतो. तिथून परत घोडेगाव, मग जुन्नर. जुन्नरहून मीनेच्या खोऱ्यातून इंगळूण आणि वर आंबे, हातवीज, दुर्गवाडी. तिसऱ्या खोऱ्यात चावंड किल्ल्याच्या पायथ्यावरून घाटघर आणि नाणेघाट. हे सगळं एका दिवसात बसवणारे आहेत. त्यांना विचारा काय पाहिलं, तर पुढच्या गाडीची नंबरप्लेट सांगतील. दोन दिवस घ्या, मुक्काम जुन्नरला करा.

चाक कुठे थांबतं?

आहुपे, दुर्गवाडी, नाणेघाट या तिन्ही ठिकाणी रस्ता संपतो आणि समोर कोकण दिसतं. खाली उतरणाऱ्या वाटा आहेत, पण त्या पायी जाणाऱ्यांच्या. आहुपे घाट, आंबोलीजवळचा दाऱ्या घाट (ही आंबोली जुन्नरची, सिंधुदुर्गातली नव्हे) आणि नाणेघाट, तिन्ही मुरबाडच्या बाजूला उतरतात.

नाणेघाटाचं तर वेगळंच. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातली बंदरं आणि जुन्नर यांच्यातला व्यापार या वाटेने चालायचा. इथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानांची मोजदाद आहे, आणि भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकचिन्हांपैकी काही त्यात सापडतात. वर दगडी रांजण आहे, तो जकातीचा म्हणून दाखवतात. या दगडी वाटेवर "एक ट्राय" म्हणून गाडी घालणं हे कौशल्य नाही, खुळेपणा आहे. गाडी पठारावर लावा आणि चालत जा.

रस्ता कुणाचा, जमीन कुणाची

गावाला जाणारा रस्ता सार्वजनिक आहे, त्यावर कुणी अडवणार नाही. प्रश्न रस्ता सोडल्यावर सुरू होतो.

राखीव वनात विनापरवाना शिरणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. भीमाशंकर अभयारण्याचा नियम त्याहून कडक. 1985 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 130 चौरस किलोमीटरचं आहे आणि शेकरूसाठी ओळखलं जातं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने जाता येतं, पण रस्ता सोडून आत जायचं तर परवानगी लागते. आत जाणारी गाडीवाट दिसली म्हणजे ती आपल्याला मोकळी आहे असं नाही. ती वनखात्याची असू शकते.

मग भातखाचरं. हिवाळ्यात ती कोरडी, सपाट आणि मोकळी दिसतात, मस्त मैदान मिळाल्यासारखं वाटतं. पण खाचराचा बांध हीच त्या शेतीची तिजोरी. बांध फुटला की पावसाळ्यात पाणी थांबत नाही आणि पाणी थांबलं नाही की भात नाही. दोनशे किलोची गाडी दोनदा त्याच जागी चढली की बांधाचं काम होतं.

धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जमीनही रिकामी नसते, तिथे गाळपेर होते. शिवाय वरून कोरडी पापडी आणि खाली ओला गाळ. पुढचं चाक पापडी फोडून आत गेलं की पाच जणांचा तास तिथेच जातो.

एक मुद्दा कुणी सांगत नाही. विम्याच्या पॉलिसीत गाडीचा वापर कशासाठी चालेल हे लिहिलेलं असतं आणि शर्यत, वेगाची चाचणी यांना त्यातून वगळलेलं असतं. "चल, त्या वळणापर्यंत बघू कोण पुढे" असा व्हिडिओ तुम्हीच अपलोड केलात, तर पुढच्या भांडणात तो तुमच्याच विरोधात उभा राहू शकतो.

पाऊस

30 जुलै 2014 च्या सकाळी याच घोड खोऱ्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसं गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा बाहेर कळलं. आहुप्याकडे जाताना तुम्ही या गावाच्या परिसरातूनच जाता.

जून ते सप्टेंबर इथली कच्ची वाट आणि त्यावरची दरड यांच्यात फार अंतर नसतं. जिल्हा प्रशासनही पावसाळ्यात धबधबे आणि घाटमाथ्यांवर अनेकदा बंदीचे आदेश काढतं. हिरवाई पाहायची तर डांबरी रस्त्याने जा. कच्च्या वाटांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

गाडी कोणती?

सगळ्यात जास्त चर्चा यावर होते आणि सगळ्यात कमी फरक यानेच पडतो. 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200 आली आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात अशा गाड्या आल्या. हिमालयन दोनशे किलोच्या आसपास, एक्सपल्स एकशे साठच्या आसपास. चढावर पडलेली गाडी चौथ्यांदा उचलताना हे चाळीस किलो कळतात. बाकी तुम्ही सगळं गियर घालून घामाघूम होऊन माथ्यावर पोचता, तेव्हा तिथला पोरगा स्प्लेंडरवर मागे तांदळाचं पोतं बांधून चप्पल घालून आलेला असतोच. तो त्या रस्त्याचा प्रत्येक दगड ओळखतो, एवढाच फरक.

टायरची हवा थोडी कमी केली की कच्च्यावर पकड वाढते. मागच्या टायरला डांबरावर 32-33 असेल तर 25 पर्यंत. ट्यूबचं टायर असेल तर याहून खाली नको, दगडावर आपटून ट्यूब कापते. परत डांबरावर आल्यावर भरायला छोटा पंप हवाच. मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय असेल तर सुट्या खडीच्या उतारावर ती वापरा. एबीएस तिथे ब्रेक सारखा सोडत राहतं आणि गाडी लवकर थांबत नाही. उतार पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये उतरा, क्लच दाबून नको. आणि पैसे उरले असतील तर एक्झॉस्ट बदलण्यापेक्षा बूट घ्या. हळू वेगात गाडी पडते ती बहुतेक वेळा घोट्यावर.

पेट्रोल मंचर किंवा जुन्नरला फुल करा. वरच्या गावांत पंप शोधत बसू नका. नेटवर्कही येतं-जातं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करा.

पाच मित्र, एक ग्रुप

इथे खरी परीक्षा असते. ग्रुपचा वेग सगळ्यात कच्च्या चालकाचा. हे वाक्य निघताना सगळे मान्य करतात आणि पहिल्या चढावर विसरतात.

नवख्याला शेवटी ठेवू नका. तो मागे पडतो, गाठायला जोर लावतो आणि पडतो. वरून तो पडल्याचं कुणाला कळतही नाही. त्याला दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. सगळ्यात शेवटी अनुभवी माणूस, ज्याच्याकडे पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी.

फाटा आला की साधा नियम: मागची गाडी आरशात दिसेपर्यंत वळायचं नाही. प्रत्येकाने एवढं केलं तर वॉकीटॉकी लागत नाही. धुरळ्यात अंतर वाढवा, कारण समोरून एसटी किंवा गुरं येऊ शकतात.

ओढा लागला तर आधी एकाने चालत पार करायचा. तळ कसा आहे, पाणी कुठपर्यंत येतं, ओढ किती आहे हे पायाला कळतं. चालताना पाय उचलला जात असेल तर गाडी घालायची नाही, परत फिरायचं. पाण्यात गाडी आडवी झाली तर लगेच इंजिन बंद करा आणि लगेच चालू करू नका. इंजिनात पाणी गेलेलं असेल तर स्टार्टर मारल्याने मोठा खर्च निघतो.

कुणी जोरात पडला तर आधी मागून येणाऱ्या गाड्या थांबवा, मग माणूस, शेवटी गाडी. मान किंवा पाठ दुखते म्हणाला तर त्याला उठवून बसवू नका. श्वास नीट चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका. 108 ला फोन लावा. रेंज नसेल तर एकाने जवळच्या गावात जायचं. गावात कुणाचा फोन कुठे उभं राहिल्यावर लागतो हे तिथल्या माणसालाच माहीत असतं. घोडेगाव, मंचर आणि जुन्नरला सरकारी रुग्णालयं आहेत, पण माथ्यावरून तिथे पोचायला वेळ लागतो. तो वेळ गृहीत धरूनच वेग ठरवा.

आणि गावातली माणसं

या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. भात हे पीक आणि हिरडा हा रोख पैसा. हंगामात अंगणात, खळ्यावर, कधी रस्त्याच्या कडेलाही हिरडा वाळत घातलेला असतो. त्यावरून चाक गेलं तर कुणाची तरी दिवसभराची मजुरी गेली. वस्तीतून जाताना दुसरा गियर आणि गाडीचा आवाज कमी. आहुप्याची देवराई पाहायची तर गाडी लांब लावून.

चहा, जेवण गावातच घ्या, पण आदल्या दिवशी फोन करून. बारा वाजता दहा जणांनी येऊन पिठलं-भाकरी मागायची आणि वीस मिनिटांत निघायचं म्हटलं तर त्या घरच्या बाईची तारांबळ होते.

दरवर्षी यातला एखादा कच्चा तुकडा डांबरी होतो आणि रायडर लोक हळहळतात, "मजा गेली राव". ज्या खड्ड्यांसाठी आपण शंभर किलोमीटर येतो, त्याच खड्ड्यांतून तिथे बाळंतिणीला दवाखान्यात न्यावं लागतं. गावकऱ्यांसमोर ही हळहळ व्यक्त करू नका.

परतीला उशीर करू नका. दुपारी तीन-साडेतीनला माथा सोडला तर उजेडात हायवेला लागता. जुन्नरपासून नारायणगाव, मंचरपर्यंतचा पट्टा उसाचा आहे आणि त्या उसात बिबट्या राहतो. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. अंधारात आडरस्त्याला पंक्चर काढायला बसायची वेळ आलीच, तर गाड्यांचे दिवे चालू ठेवा, सगळे एकत्र थांबा आणि खाली वाकून काम करणाऱ्याच्या मागे एकाला उभं करा.