रुतलेले चाक

काळ्या रानात गाडी रुतली, की आम्ही बैलांना दोष देतो. मातीला कोणी विचारीत नाही. मियेचिस्वाव्ह बेकर या पोलिश इंजिनियराने मातीलाच विचारले. १९२९ साली वॉर्सात पदवी घेऊन तो लष्करी गाड्यांच्या कामाला लागला. १९३९ साली देश सुटला. रुमानिया, फ्रान्स, १९४२ साली कॅनडा, १९५६ साली अमेरिका! पण मातीचा नाद सुटला नाही. लोखंडी चकती मातीत दाबायची आणि किती भाराला ती किती खचते ते मोजायचे, ही त्याची रीत. १९७१ साली चंद्रावर धावलेल्या गाडीच्या घडणीत त्याचा वाटा होता. जाळीची ती चाके धुळीत सरासरी बोटभरच रुतली. स्वतःची भूमी हरवलेल्या माणसाने परक्या भूमीचा स्वभाव ओळखला, याचेच मला नवल वाटते.