सफर, सफारी आणि आमची सहा एकर

मंडळी, या विकांताचा लेख जरा लांबणार आहे. चहा घेऊनच बसा.

सुरुवात झाली केनियापासून. लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला होता. बायकोने एका रात्री लॅपटॉप माझ्याकडे वळवला. मसाई माराचे फोटो होते. उघड्या माळावर कॅनव्हासचा तंबू, आत चार खांबांचा पलंग, पितळी कंदील, बाहेर दोन आरामखुर्च्या आणि समोर चरणारे झेब्रे. "चार रात्री फक्त," ती म्हणाली. मी एका रात्रीचा दर रुपयांत करून पाहिला, दोन माणसं गुणिले चार रात्री केलं, विमानाचं भाडं मिळवलं आणि एक्सेल शीट सेव्ह न करताच बंद केली. घराचा हप्ता भरणाऱ्या माणसाने काही बेरजा करूच नयेत.

योगायोग असा की त्याच आठवड्यात यावलहून मामेभावाचा फोन आला. केळीच्या भावाची नेहमीची रड झाल्यावर तो मुद्द्यावर आला. सातपुड्याच्या पायथ्याला आमची सहा एकर जमीन आहे. आजोबांनी घेतलेली, त्यात आईचाही वाटा. तिथे त्याला दहा तंबू टाकायचे होते. "एकदम आफ्रिकन स्टाइल! पुण्या-मुंबईची माणसं येतील. रात्री भरीत, सकाळी पाल अभयारण्य. पाच लाख तू टाक भो, बाकीचं मी बघतो."

बायकोला हे सांगितल्यावर ती हसत सुटली. म्हणाली, "चल, आधी ते रान तरी दाखव. केनिया नाही तर यावल."

म्हणून डिसेंबरातला एक लांबलचक विकांत काढून आम्ही गेलो.

ज्यांना यावल माहीत नाही त्यांच्यासाठी थोडंसं. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. दक्षिणेला तापी, उत्तरेला सातपुडा आणि मधल्या काळ्या जमिनीत केळी. गावात महर्षी व्यासांचं मंदिर आहे आणि निंबाळकरांचा पडका किल्ला आहे. एके काळी इथला हातकागद आणि नीळ प्रसिद्ध होती, आता दोन्ही नाहीत. याच तालुक्यातल्या फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, नेहरू अध्यक्ष होते. आमच्याकडे पाहुण्याला ही गोष्ट पाणी देण्याआधी सांगतात :)

यावल अभयारण्य मात्र यावल गावात नाही. फैजपूर सोडून खिरोद्यावरून घाट चढायला लागलं की पाल येतं, ते रावेर तालुक्यात. १९६९ साली हे अभयारण्य जाहीर झालं. साधारण १७७ चौरस किलोमीटरचं जंगल, पलीकडे लगेच मध्य प्रदेश. साग, सालई, अंजन, आणि मधून सुकी नदी. लंगडा आंबा, जामन्या, करंजपाणी अशी भारी नावं असलेली ठिकाणं आहेत. आम्ही दोन रात्री वन खात्याच्या विश्रामगृहात राहिलो. खोलीत दोन लोखंडी पलंग, वर एक मच्छरदाणी आणि बादलीतून गरम पाणी. वाघ दिसला नाही. मोर दिसले, एक भेकर दिसलं, आणि रात्री एक रातवा इतका वेळ टकटक करत होता की बायकोला वाटलं कुणी दार वाजवतंय.

तिसऱ्या दिवशी मामांकडे मुक्काम. रात्री शेतात भरीत झालं. बामणोदची वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली आणि लाकडी बडजीत ठेचलेली. सोबत कळण्याची भाकरी. जेवताना मामांनी घरातली जुनी गोष्ट पुन्हा सांगितली. "तुझे आजोबा आले तेव्हा इथे नुसतं रान होतं. वाघ फिरायचे. त्यांनी रान तोडून शेत केलं."

ही गोष्ट मी लहानपणापासून शंभर वेळा ऐकली असेल. पण या वेळी परत आल्यावर जरा शोधाशोध केली. खानदेशचं १८८० सालचं गॅझेटियर काढलं आणि दोन विकांत त्यातच गेले.

वाघांचं खरं आहे. इंग्रजांनी १८१८ साली खानदेश घेतला तेव्हा इथे वाघांचा सुळसुळाट होता. १८२२ सालचा आकडा असा की एका वर्षात जंगली जनावरांनी ५०० माणसं आणि २०,००० गुरं मारली. हे काही सातपुड्याच्या दऱ्याखोऱ्यांतलं फक्त नव्हे. तापीकाठच्या सपाट, सुपीक मुलुखात वाघ होते. आज जिथे ठिबकच्या नळ्या पसरल्यात तिथे.

मग प्रश्न पडतो, एवढ्या चांगल्या जमिनीवर रान आलं कुठून?

उत्तर वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. ते रान मूळचं नव्हतंच. मोगलांच्या काळात खानदेश हा भरभराटीचा सुभा होता, बुऱ्हाणपूर इथून फार लांब नाही. पण १८०२ च्या सुमाराला होळकरांच्या फौजांनी हा मुलूख उजाड केला. लगेच १८०३-०४ चा भीषण दुष्काळ आला. त्यावर पेंढारी, त्यावर पेशवाईच्या अखेरच्या काळातले मक्तेदार. माणसं मेली, उरलेली गुजरातेत नाहीतर आणखी कुठे पळाली. गावंच्या गावं ओस पडली. शेतांत आधी गवत, मग झुडपं, मग झाडं उगवली, आणि त्यांच्यामागून वाघ आले. म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांना जे 'घनदाट जंगल' दिसलं, त्यातल्या बऱ्याच भागात वीस वर्षांपूर्वी नांगर चालत होता.

आता या गोष्टीतला हिरो. जेम्स औट्रम. १८२५ साली खानदेशात आला तेव्हा वय वर्षं २२. (त्या वयात मी कॅम्पस इंटरव्ह्यूत 'तुमचा वीक पॉइंट काय' याचं उत्तर पाठ करत होतो.) काम काय, तर डोंगरात बंड करून असलेल्या भिल्लांना शांत करायचं आणि त्यांचीच एक पलटण उभारायची. आधीच्या लोकांनी बंदुकीने हे करून पाहिलं होतं आणि ते जमलं नव्हतं. औट्रम बंदूक घेऊन गेला खरा, पण वाघाच्या मागे. तो भिल्लांबरोबर रानात हिंडला, राहिला, त्यांच्यात मिसळला, आणि शिकारीतून त्याने त्यांचा भरवसा मिळवला. धरणगावला खानदेश भिल्ल पलटणीचं ठाणं झालं. पुढच्या दहा वर्षांत त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दोनशेच्या वर वाघ मारले. पुढे तो १८५७ च्या लखनौमुळे मोठा झाला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला, पण त्याचं नाव झालं ते आमच्या तापीकाठी.

वाघ मारणं हा त्यांचा फक्त शौक नव्हता. तो महसूल खात्याचाही कार्यक्रम होता. वाघ गेल्याशिवाय शेतकरी परत येणार नाही, आणि शेतकरी आल्याशिवाय सारा मिळणार नाही. हिशेब सरळ. मग १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला आणि खानदेशातली उरलीसुरली पडीक जमीन नांगराखाली गेली. १८७८ च्या कायद्याने डोंगरातलं जंगल सरकारने 'राखीव' केलं. शेती खाली, राखीव रान वर, आणि भिल्ल-पावरा मधल्या पट्टीत अडकलेले. तेही सगळे औट्रमवर खूश होऊन गप्प बसले नव्हते. सेंधव्याच्या घाटाची राखण करायला इंग्रजांनीच नेमलेला खाजा नाईक १८५७ साली उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये याच सातपुड्यात अंबापाणीला मोठी लढाई झाली. आमच्या शाळेच्या पुस्तकात तो आल्याचं मला तरी आठवत नाही.

असो. आता आफ्रिकेकडे वळू, कारण मूळ भांडण तिथलं आहे.

'सफारी' हा शब्द स्वाहिली, अर्थ फक्त प्रवास. स्वाहिलीत तो अरबीतून गेला, आणि त्याच अरबीतून फारसीमार्गे तो आपल्याकडे 'सफर' म्हणून आला. इंग्रजीत तो आणण्याचं श्रेय सहसा रिचर्ड बर्टनला देतात, आणि हे महाशय मूळचे कंपनीच्या मुंबई लष्करातले! (आमच्या मामांसाठी मात्र सफारी म्हणजे आजही लग्नात शिवलेला करड्या रंगाचा सूट.)

तंबूंचं म्हणाल तर तेही ओळखीचंच प्रकरण आहे. हिवाळ्यात कलेक्टरसाहेब दौऱ्यावर निघाला की तंबू, खानसामा, भिश्ती, घोडे असा सगळा लवाजमा गावोगाव हिंडायचा. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट पूर्व आफ्रिकेत गेला तेव्हा थाट तोच, फक्त ओझं उचलायला दोनशेच्या वर हमाल. त्याने आणि त्याच्या मुलाने मिळून पाचशेच्या वर जनावरं मारली. १९२० च्या दशकात मार्टिन आणि ओसा जॉन्सन हे अमेरिकन नवरा-बायको केनियातल्या मार्साबितच्या जंगलात मुक्काम ठोकून सिनेमे काढत होते. फोटोतल्या त्या दोन आरामखुर्च्या अशा हळूहळू आल्या. १९७७ साली केनियाने शिकार बंद केली, बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, तंबू राहिला.

पण मला चटका लागला तो दुसऱ्याच गोष्टीने. १८९० च्या आसपास पूर्व आफ्रिकेत गुरांचा बुळकांडी रोग पसरला. तो भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तिकडे गेला असं मानतात. मसाई लोकांची बहुतेक गुरं मेली. मागोमाग दुष्काळ आणि देवी. माणसं मेली, पांगली. चराऊ रानांत झुडपं माजली, त्यांत त्से त्से माशी आली, आणि त्या माशीमुळे गुरं पुन्हा आणता येईनात. नंतर आलेल्या युरोपियनांना हे रिकामं रान दिसलं आणि त्यांना वाटलं, हे असंच आहे, सृष्टीच्या आरंभापासून. सेरेंगेटी १९५१ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९५९ साली मसाईंना तिथून हलवून एन्गोरोंगोरोकडे पाठवलं.

खानदेशात रिकाम्या गावांवर उगवलेलं रान इंग्रजांनी शेतीसाठी साफ केलं. आफ्रिकेत तसंच रान त्यांनी जनावरांसाठी राखलं. निर्णय अगदी उलटे, पण दोन्हीकडे सुरुवातीचं वाक्य एकच होतं: इथे कुणी नव्हतं.

आणि तेच वाक्य आमचे मामा भरीत खाताना म्हणाले होते.

म्हणून जानेवारीत पुन्हा गेलो. या वेळी थेट त्या सहा एकरांवर. तिथे आमचे सालदार राहतात, पावरा कुटुंब. बांधाला लागून त्यांचं कुडाचं घर आहे, शेळ्या आहेत, दारात एक जुना आंबा आहे. मामेभावाने प्लॅन काढून आणला होता. तंबू कुठे, शेकोटी कुठे, पार्किंग कुठे. पार्किंग बरोबर त्या घरावर होतं. "त्यांना तिकडे नाल्याजवळ जागा देऊ, पत्र्याची खोली बांधून देऊ," तो म्हणाला. तो वाईट माणूस नाही. खोली खरंच बांधून दिली असती.

बायकोने सालदारांना विचारलं, "दादा, तुम्ही इथे कधीपासून?"

ते म्हणाले, "आम्ही इथलेच ना. यांचे आजोबा आले तेव्हा माझा आजा इथेच होता. हे रान त्यानेच तोडलं, मजुरीने. हा आंबा त्याचाच."

आवाजात तक्रार नव्हती. मी मात्र कुठे बघावं ते न कळून त्या आंब्याकडे बघत राहिलो. 'तुझ्या आजोबांनी रान तोडलं' या वाक्यातली कुऱ्हाड कुणाच्या हातात होती, हा प्रश्न मला तीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. सातबारावर त्या आज्याचं नाव नाही. असायचं कारणही नाही, तो मजूर होता. वनहक्क कायदा २००६ साली आला, पण तो जंगलजमिनीपुरता. आमची जमीन खाजगी, तिथे तो लागू नाही. म्हणजे कायद्याने आम्ही शंभर टक्के बरोबर आहोत. बग कुठेच सापडत नाही, पण आउटपुट चुकतंय, हे ज्याने प्रोग्रामिंग केलंय त्याला कळेल.

मी तंबूंच्या विरोधात नाही. मुक्ताईनगरकडे डोलारखेड्याच्या बाजूला वाघ केळीच्या बागांत मुक्काम करतात, त्यांच्यासाठी तिथे मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्रही झालं आहे. दोनशे वर्षांनी वाघ पुन्हा खाली उतरतोय, तर तो बघायला लोकही येतील. चार पैसे गावात राहिले तर वाईट काय?

पण मामेभावाला मी सांगितलं, पाच लाख देतो, दोन अटी आहेत. एक, ते घर आणि तो आंबा आहे तिथेच राहील आणि घराखालची तीन गुंठे जागा बिनशेती करून त्यांच्या नावावर करायची. दोन, विहिरीच्या पाण्यावर त्यांचा हक्क लेखी. पार्किंग रस्त्यापलीकडे.

तो पंधरा दिवस बोलला नाही. मग फोन आला. "तू पुस्तकं वाचून बिघडला भो. तीन गुंठ्यांचा बाजारभाव माहीत आहे का तुला?" मला माहीत होता. एक्सेल शीट या वेळी सेव्ह केली होती. आईने तिच्या वाट्यातून तीन गुंठे द्यायची तयारी दाखवली आहे, मामा अजून काही बोललेले नाहीत. मामी म्हणाल्या, द्या ना, कुठे सोबत न्यायचंय.

एवढ्यावर प्रकरण थांबलंय. कागद तलाठ्याकडे गेले की पुढचं लिहीन.

केनियाचं अजून ठरलेलं नाही. बायको म्हणते जाऊच, पण तिथे गेल्यावर तंबू लावणाऱ्या माणसाला विचारायचं, तुम्ही इथे कधीपासून.