मशागत आणि राखण

आदिलाबाद जिल्ह्यात उटनूरच्या परिसरात केसलापूर हे गाव आहे. तेथील नागोबाच्या यात्रेसाठी गोंडांच्या मेश्राम कुळातील मंडळी दरवर्षी पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. त्या पाण्याने देवाला अभिषेक होतो. पाण्याचा मान राखणे हे देवकार्यच होय, ही जाणीव त्या समाजाला परंपरेनेच लाभलेली आहे.

ख्रिस्ती धर्माविषयी मात्र याच्या नेमका उलट आक्षेप घेण्यात आला. मनुष्याला सृष्टीचा स्वामी ठरविणाऱ्या पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारातच निसर्गाच्या दुर्दशेचे मूळ आहे, असे लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली प्रतिपादन केले. आक्षेप अगदीच निराधार नव्हता. बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात मानवाला सर्व जिवांवर सत्ता दिल्याचे वर्णन आहे. परंतु दुसऱ्याच अध्यायात त्याला एदेन बागेत ठेवले ते मशागतीसाठी आणि राखणीसाठी, असेही सांगितले आहे. ही राखण कोणी आचरणात आणली काय, हाच खरा प्रश्न होय.

त्याचे एक उत्तर आपल्या वसईत सापडते. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीत तेथील अनेक शेतकरी कुटुंबे ख्रिस्ती झाली. उपासना बदलली; विहिरी, रहाट, केळीच्या बागा आणि पानवेली मात्र राहिल्या. पुढे १९८० नंतर मुंबईची वस्ती उत्तरेकडे सरकली. बागांच्या जागी इमारती उठू लागल्या. विहिरींचे गोडे पाणी टँकर भरभरून विकले जाऊ लागले. समुद्राकाठच्या भूमीत गोड्या पाण्याचा उपसा फार झाला, की खारे पाणी आत शिरते. तसेच येथेही घडले.

अशा वेळी 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत अग्रभागी उभे राहिले. दहशतीला ते बधले नाहीत. हा लढा एका धर्माचा नव्हता. विहीर आटली वा खारावली, तर हानी हिंदूची आणि ख्रिस्त्याची सारखीच.

धर्मगुरूने वेदी सोडून टँकरच्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. याचे उत्तर त्या दुसऱ्या अध्यायात आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्राद्वारे सृष्टीची राखण हे ख्रिस्ती जीवनाचे ऐच्छिक नव्हे, तर आवश्यक अंग असल्याचे सांगितले. वसईकरांनी ते त्यापूर्वीच आचरून दाखविले होते.

चळवळीला सर्वच यश लाभले असे नाही. २००९ साली तेथे महानगरपालिका झाली, आणि पुष्कळ बागा आज उरलेल्या नाहीत. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. परंतु राखणदार गेला म्हणून राखण संपत नाही. केसलापूरची वाट चालणारा गोंड आणि वसईचा ख्रिस्ती बागाईतदार आपणांस एकच गोष्ट सांगतात: पाणी आपल्या मालकीचे नव्हे, ते आपल्या हाती ठेव म्हणून दिलेले आहे.