नेमलेले की निवडलेले?

शहराचा नकाशा आखणारी मंडळी लोकांनी निवडावी की सरकारने नेमावी, हा वाद वकिलांचा आहे असे मीही समजत असे. कॉलेजचे तोंड मी पाहिलेले नाही. परंतु चाळ पाडण्याच्या नोटिसा घेऊन कामगार युनियनच्या कचेरीत येऊ लागले, आणि 'ही काढली कोणी?' या प्रश्नाने मला इतिहासाकडे वळविले.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ साली सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला. शहरात म्युनिसिपल कॉर्पोरेशन असता ही निराळी संस्था कशाला? कारण उघड आहे. कॉर्पोरेशनात फिरोजशहा मेहतांसारखे जाब विचारणारे लोक होते. ट्रस्टमध्ये निवडून गेलेल्या कॉर्पोरेशनचे प्रतिनिधी थोडे. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या, हे कबूल केलेच पाहिजे. पण गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या त्यांना परवडतील अशा बांधल्या नाहीत. उठविलेली माणसे शेजारच्याच दाटीत शिरली. अखेर १९३३ साली ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला.

मग निवडणूक म्हणजे रामबाण उपाय काय? तसेही नाही. कॉर्पोरेशनात प्रौढ मतदानाने पहिली निवडणूक झाली ती १९४८ साली. तोवर तेथे घरमालकांचे वजन, आणि खोलीत दाटीने राहणाऱ्या मजुराला ना ट्रस्टमध्ये जागा, ना कॉर्पोरेशनसाठी मत! तरीही फरक होता. १९२० च्या डेव्हलपमेंट खात्याने बॅकबेच्या भरावात पैसा बुडविला, तेव्हा निवडून आलेल्या खुर्शेद नरिमन यांना कायदेकौन्सिलात उभे राहून त्याचे वाभाडे काढता आले. नेमलेला सभासद नेमणाऱ्याचे वाभाडे सहसा काढीत नाही.

पक्षांचे वर्तन सर्वत्र सारखेच. लंडनची निवडलेली ग्रेटर लंडन कौन्सिल मजूर पक्षाच्या हाती होती. हुजूर पक्षाच्या सरकारने ती १९८६ साली मोडली. मजूर पक्षाचे सरकार आल्यावर २००० साली निवडलेली संस्था पुन्हा उभी राहिली.

आपल्याकडे १९७५ साली मुंबईच्या महानगर प्रदेशासाठी नेमलेले प्राधिकरण आले. पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, महानगर नियोजन समितीचे किमान दोनतृतीयांश सभासद नगरपालिकांच्या व पंचायतींच्या निर्वाचित प्रतिनिधींतून निवडावेत असे ठरले. तरी पैसा आणि कामे प्राधिकरणाकडेच राहिली. विरोधात असताना निवडणुकीचे गोडवे गाणारा पक्ष सत्तेवर येताच नेमणुकीचे फायदे सांगू लागतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होता.

नेमणुकीने राजकारण टळते, असे आपणांस सांगतील. ते टळत नाही. फक्त बंद दाराआड जाते. निवडलेला माणूसही चुकतो, कधी विकलाही जातो. पण पाच वर्षांनी तरी त्याला आपल्या चाळीचा जिना चढावा लागतो. नेमलेल्याला तो जिना कोठे आहे हेच ठाऊक नसते.