ब्रेकमधील द्रव आणि देखभालीचा इतिहास : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधांना व शोधकांना अग्रस्थान मिळते. ते शोध रोजच्या वापरात टिकवून धरणारी देखभाल मात्र बहुधा उपेक्षित राहते. मोटारीचा ब्रेक हे याचे बोलके उदाहरण होय. दांड्यांपासून द्रवापर्यंत आणि ड्रमपासून डिस्कपर्यंतचा ब्रेकचा प्रवास सर्वत्र नोंदला गेला आहे. परंतु नळीतील जुना द्रव काढून नवा भरणे व त्यातील हवा बाहेर घालविणे, या कामाचा विचार क्वचितच होतो. ब्रेकमधील प्रत्येक सुधारणेचे यश अखेरीस या साध्या कामावर अवलंबून राहिले आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

जिल्ह्याची पार्श्वभूमी

या विषयासाठी अहमदनगर जिल्हा विशेष उचित ठरतो. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्याआधी वर्षभर, १९४७ मध्ये, चकलाला येथील लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्था फाळणीमुळे नगरला आली. तिच्यातूनच पुढे वाहन संशोधन व विकास संस्था, म्हणजेच व्हीआरडीई, आकारास आली. आज केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनांची चाचणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांमध्ये तिचा समावेश होतो. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयात रोल्स रॉईस सिल्व्हर घोस्ट ही चिलखती गाडी पाहावयास मिळते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील सिल्व्हर घोस्ट गाड्यांच्या पुढील चाकांना ब्रेक नसत. जे ब्रेक होते ते दांड्यांच्या जोडणीने चालत. ब्रेकच्या इतिहासाचा आरंभबिंदू असा नगरमध्येच डोळ्यांसमोर उभा आहे.

द्रवाचे आगमन

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व पास्कलने सतराव्या शतकात मांडले. माल्कम लॉकहीड याने १९१७ च्या सुमारास ते मोटारीच्या ब्रेकला लावले आणि १९२१ मध्ये अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवचालित ब्रेक बसविण्यात आले. १९५३ मध्ये डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने ल मान्सची शर्यत जिंकल्यावर डिस्कला प्रतिष्ठा लाभली.

आरंभीच्या काळात एरंडेल व अल्कोहोल यांचे मिश्रण द्रव म्हणून वापरात होते. पुढे ग्लायकोलवर आधारित द्रव रूढ झाले. आपल्याकडील गॅरेजमध्ये त्यांना ‘ब्रेक ऑईल’ म्हणतात. हा शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण या प्रणालीत चुकून इंजिनाचे खनिज तेल पडल्यास रबरी सील फुगून निकामी होतात.

ग्लायकोलचा मोठा दोष म्हणजे तो हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ प्रतीचा नवा द्रव किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मात्र त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५° पर्यंत घसरलेली चालते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५° व १४०° आहेत.

या आकड्यांचा अर्थ घाटात उमगतो. करंजी, इमामपूर किंवा चंदनापुरी घाटाच्या उतारावरील १,२०० किलोग्रॅम वजनाची मोटार विचारात घेऊ. तिने १०० मीटर उंची केवळ ब्रेकच्या बळावर उतरल्यास सुमारे ११.८ लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. एवढ्या उष्णतेने सुमारे साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. जुना द्रव अशा वेळी उकळला तर नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. परिणामी पायाखालील पेडल तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. गियर खालचा ठेवून उतार उतरण्याची जुनी शिकवण याच कारणाने शास्त्रशुद्ध ठरते.

हवा काढण्याची रीत

जुन्या मोटारीला मोठे कॅलिपर वा डिस्क बसविताना नळ्या सुटतात व प्रणालीत हवा शिरते. ती काढण्यास परंपरेने दोन माणसे लागतात. एक पेडल दाबून धरतो. दुसरा चाकाजवळील निपल सैल करतो. निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून द्रव व बुडबुडे बाटलीत उतरतात. निपल पुन्हा आवळल्याचा इशारा मिळाल्याखेरीज पेडल सोडावयाचे नसते, अन्यथा हवा परत आत ओढली जाते. सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात; तथापि काही मोटारींत क्रम वेगळा असल्याने उत्पादकाची पुस्तिका प्रमाण मानावी. वरची टाकी रिकामी होऊ न देणे आणि सीलबंद डब्यातील नवाच द्रव वापरणे ही पथ्येही तितकीच महत्त्वाची आहेत. एबीएस असलेल्या काही गाड्यांत या कामासाठी संगणकीय उपकरणही जोडावे लागते.

येथे कायद्याचे भानही आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही.

निष्कर्ष

चाचणी संस्था प्रमाणपत्र देते ते नव्या वाहनाच्या नमुन्याला. त्यानंतर द्रव जुना होत जातो, तो मालकाच्या अंगणात. अनेक उत्पादक दर दोन वर्षांनी तो बदलण्यास सांगतात. परंतु पेडल कठीण लागते तोवर त्याची आठवण कोणालाच होत नाही. सपाट रस्त्यावर जुना द्रवही निमूटपणे काम करतो आणि त्याचा दोष उघड होतो तो नेमका उतारावर. म्हणूनच ब्रेकच्या इतिहासात पेटंट घेणाऱ्याच्या बरोबरीने निपल आवळणाऱ्या फिटरची नोंद व्हावयास हवी. ज्या जिल्ह्यात वाहनांची राष्ट्रीय चाचणी होते, तेथील गॅरेजमधील हे कारागिरीचे ज्ञान स्थानिक महाविद्यालयांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित करणे अगत्याचे आहे.